उतरता भाव

त्रिशला मगदूम तूरडाळीची पिशवी ट्रॉलीत ठेवायची, दांड्यावरच्या पट्टीत उमटलेला आकडा वाचायची आणि पिशवी परत फळीवर ठेवून चालू लागायची. घाई नाही, मागे वळून बघणं नाही. मसाल्यांपर्यंत जायचं, जिऱ्याची पाकिटं उगाच उलटीपालटी करायची आणि दहा मिनिटांनी परत डाळीपाशी यायचं. मघाशी पट्टीवर एकशे शहाण्णव होते, आता एकशे एकोणसत्तर असायचे. अजून एक फेरी मारली की एकशे चोपन्न. मग ती पाच पिशव्या उचलायची. एक स्वतःची, बाकीच्या गल्लीतल्या बायकांच्या.

जयसिंगपुरात स्टेशन रोडवर ते मोठं दुकान आलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि दुकानात 'स्वभाव' आला त्याला तीन.

पूर्वी दुकानदाराला एवढंच कळायचं, की भाव वाढवला की खप कमी होतो. टोमॅटो दुप्पट महागला तर निम्मी गिऱ्हाइकं आमटीत चिंच घालतात. मीठ दुप्पट महागलं तरी तेवढंच खपतं. कुठल्या वस्तूसाठी गिऱ्हाईक किती ताणलं जातं आणि कुठं तुटतं, याचा आलेख काढता येतो, पण तो सगळ्या गावाचा मिळून असायचा. 'स्वभाव' या यंत्रानं तो एकेका माणसाचा काढला. दारातला कॅमेरा चेहरा ओळखायचा. आजवर काय घेतलं, कुठल्या भावाला हात आखडला, आकडा वाचताना डोळ्याची बाहुली किती विस्फारली, पाऊल किती रेंगाळलं, हे सगळं यंत्राजवळ जमा असायचं. त्यावरून हा माणूस या वस्तूला आज जास्तीत जास्त किती देईल याचा अंदाज बांधून यंत्र त्याच्या किंचित खालचा भाव दाखवायचं. शेजारी उभ्या असलेल्या बाईला त्याच पिशवीचा भाव निराळा. कायद्यानं याला परवानगी होती. गरिबाला स्वस्त मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं, आणि काहींना मिळालंही.

रेश्मा नदाफला मात्र मिळालं नाही. त्रिशलाच्या पलीकडच्या घरात राहणाऱ्या या पोरसवदा बाईला जुळ्या मुली झाल्या, दूध पुरेना, आणि दुधाच्या पावडरीशिवाय ही दुकानाबाहेर पडूच शकत नाही हे यंत्राला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. डबा दीडपट महागला. रेश्मा डोळे पुसत घरी आली तेव्हा त्रिशलानं तिच्या हातातली यादी काढून घेतली आणि स्वतः दुकानात गेली. पावडरीचा डबा उचलला, आकडा वाचला, खाली ठेवला. तीन फेऱ्यांत तो डबा रेश्माच्या भावाच्या निम्म्यावर आला.

तेव्हापासून हे सुरू झालं. आधी दोन घरं, मग पाच, मग अकरा. सकाळी चहाच्या वेळेला बायका चिठ्ठ्या घेऊन यायच्या. त्रिशला याचं काही घेत नसे. पण "काकी, तुमच्यापुढं यंत्र पण हात टेकतंय बघा," असं कुणी म्हटलं, की तिला आतून बरं वाटायचं. लहानपणी आईबरोबर बाजारात जाऊन ती भाव करायला शिकली होती. नको म्हणता आलं पाहिजे आणि म्हटलेलं खरं वाटलं पाहिजे, एवढंच त्यात असतं, असं ती सांगायची.

तिचा नवरा वृषभ शिरोळ रस्त्यावर मोटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, जळालेलं वाइंडिंग काढून नवं भरायचं काम. डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. राहिलेल्या उजव्या कानावर त्याचा धंदा उभा होता. चालू मोटरवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, मागची बेअरिंग गेलीय, पुढची अजून वर्षभर चालेल. नवीन यंत्रं आली होती तपासायची, पण कुरुंदवाडपासूनची माणसं अजून मोटर घेऊन त्याच्याकडेच यायची.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी त्रिशलानं त्याला चहासाठी हाक मारली. तो उठला नाही. तिनं खांदा हलवला तेव्हा उठला, आणि तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"मोठ्यानं बोल की," तो म्हणाला. स्वतःच तो फार मोठ्यानं बोलत होता.

मिरजेच्या हॉस्पिटलात डॉक्टर इनामदार म्हणून कानाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी तपासणी केली, मग त्रिशलाला समोर बसवलं. वृषभ शेजारी बसला होता. बोललेलं अक्षरात उमटवणारं ॲप त्यांनी त्याच्या मोबाइलवर सुरू करून दिलं होतं, पण तो त्याच्याकडे नीट बघत नव्हता. हातानं पुन्हापुन्हा कान दाबत होता.

"आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात, म्हणून आपल्याला ऐकू येतं. रात्रीतून यांच्या कानाचं रक्त अडलं असावं. पेशी अजून मेलेल्या नाहीत, पण मरायला लागल्यात. गोळ्या मी आत्ताच देते, त्यांनी थोडंफार होईल. खरं काम करतं ते हे नवीन जेल. पडद्यातून सुईनं आत सोडायचं, म्हणजे पेशी तगतात. तीन दिवसांची मुदत असते. पण तीन दिवस थांबायचं नाही. आजच आणा. मी चारपर्यंत आहे."

"इथं मिळतं?"

"आमच्याकडे साठा नाही. तुमच्या जयसिंगपुरात त्या मोठ्या दुकानाच्या औषधांच्या खिडकीवर मिळेल. पेशंटच्या नावावरच देतात, घरच्या माणसानं जायला लागतं."

जुन्या औषधांचे भाव सरकारी यादीनं बांधलेले होते. नव्या औषधांना पहिली काही वर्षं मोकळीक होती. त्यामुळे खिडकीतल्या मुलीनं डॉक्टरांचा कागद यंत्राखाली धरला तेव्हा समोरच्या काचेवर त्रिशलाचा म्हणून वेगळा भाव उमटला. एक लाख चौऱ्याऐंशी हजार.

पैसे नव्हते असं नाही. दोन लाखांची ठेव होती, मोबाइलवरूनच मोडता आली असती. त्रिशलानं मोबाइल पर्समधून बाहेर काढलाही. तेवढ्यात तिच्या आधी रांगेत असलेला माणूस थंड पेटी पिशवीत घालताना तिला दिसला. पेटीवर तेच नाव होतं. पन्नाशीचा, खेड्यातला, साध्या कपड्यातला माणूस.

"कानाचंच का हो?" तिनं विचारलं.

"होय. आईसाठी."

"केवढ्याला दिलं?"

"एकाहत्तर हजार," तो म्हणाला आणि पेटी छातीशी धरून निघून गेला.

त्रिशला काचेवरच्या आकड्याकडे बघत राहिली. तीच पेटी, तेच औषध. म्हणजे यंत्रानं तिचा चेहरा वाचला होता. ती घाबरलीय, ही देणार, हे त्याला दिसलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं आकडा बघून चेहरा सांभाळला नव्हता. तिला स्वतःचाच राग आला. तिनं मोबाइल पर्समध्ये परत ठेवला, चेन लावली आणि खिडकीतल्या मुलीला शांतपणे म्हणाली, "राहू दे."

"नको?"

"बघू."

आणि ती पाठ फिरवून सावकाश चालत बाहेर आली.

दुपारी तीनला परत गेली तेव्हा भाव एक लाख बहात्तर होता. तिच्या मनातली धाकधूक जरा कमी झाली. उतरतोय म्हणजे बरोबर चाललंय. तीन दिवसांतला अजून पहिलाच होता.

घरी वृषभ पलंगावर बसून होता. मोबाइल मांडीवर धरलेला.

"मिळालं?"

त्रिशलानं पर्स खुंटीला अडकवली. मग मोबाइलकडे तोंड करून म्हणाली, "साठा संपलाय. उद्या पुण्याहून येतोय."

अक्षरं उमटली. त्यानं ती वाचली, मान हलवली.

"बरं. तू बघतीस म्हटल्यावर मला काळजी नाही."

पाचच्या सुमाराला डॉक्टर इनामदारांचा फोन आला. औषध आलं का, दुसरीकडे चौकशी करू का, असं त्या विचारत होत्या. नको, उद्या सकाळी येतंय, असं त्रिशलानं सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, यात खोटं फार नाही. उद्या सकाळी येईलच.

बुधवारी सकाळी भाव एक लाख चाळीस होता. ती खिडकीसमोर उभी राहिली आणि हिशेब न करताही तिला कळलं, की हा अजून खाली जाणार. इतक्या वर्षांच्या सवयीनं अंगात मुरलेली ती जाणीव होती. समोरचा विकायला आतुर आहे, आपण आतुर नाही, आता फक्त चालत राहायचं. तिनं नको म्हटलं. कॅमेऱ्याला भीती दिसू नये इतक्या बेतानं ती चालली.

वृषभ त्या दिवशी दुकानात गेला. घरात बसवत नाही म्हणाला. दुपारी त्रिशला डबा घेऊन गेली तर तो बाकावर एक मोटर चालू करून तिच्यासमोर बसला होता. मोटर मोठ्यानं घरघरत होती. तो तिच्यावर तळवा ठेवून होता, लहान मुलाच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा.

"काल थोडं गुणगुणल्यासारखं येत होतं," तो म्हणाला. "आज तेही नाही. गाडी कधी येणार पुण्याहून?"

"उद्या."

त्यानं मोबाइलवर वाचलं. "काल पण उद्याच म्हणालीस."

"अहो, उद्या नक्की."

तिथून ती घरी न जाता तडक स्टेशन रोडला गेली. घेऊन टाकायचं असं ठरवूनच गेली. काचेवर एक लाख नऊ हजार होते. चोवीस तासांत पाऊण लाख उतरले होते. आणि त्या माणसाला एकाहत्तरला मिळालं होतं. डॉक्टरांनी तीन दिवस सांगितले होते. दुसरा अजून संपला नव्हता. ती घाबरत होती, आणि त्याच वेळी तिला वाटत होतं, की आत्ता घेतलं तर आपण हरलो. पाऊण लाखात वृषभच्या दुकानाला नवं छप्पर घालता आलं असतं. तो चार वर्षं म्हणत होता. त्याच्याचसाठी तर करतेय, असं ती मनाशी म्हणाली, आणि वळली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता काचेवर चौऱ्याहत्तर हजार सहाशे उमटले. तिनं लगेच पैसे भरले. खिडकीतून थंड पेटी बाहेर आली, तिच्यावर पावती चिकटवलेली होती. रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं. सुटल्यासारखं वाटत होतं आणि थोडा अभिमानही होता. संध्याकाळी वृषभला सगळं सांगायचं, तो हसेल, असं तिनं मनात ठरवलं.

डॉक्टर इनामदारांनी पेटी हातात घेतली आणि उघडण्याआधी तिच्यावरची पट्टी वाचली.

"हा साठा गेल्या महिन्यातच जयसिंगपुरात आलाय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग त्या वृषभला घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातमोजे काढताना त्यांनी तिच्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

"पहिल्या दिवशी दिलं तर दहातल्या सात जणांचं ऐकणं परत येतं. दुसऱ्या दिवशी तीन-चार. तिसऱ्या दिवशी एखादा. मी मंगळवारी आजच म्हणाले होते."

"तीन दिवसांची मुदत म्हणाला होता तुम्ही."

"म्हणाले होते. त्याच्या पुढचंही म्हणाले होते."

बाहेरच्या बाकावर तो मंगळवारचा माणूस बसला होता, शेजारी त्याची म्हातारी आई. त्रिशलाला ओळखून तो हसला. तुमचंही घेतलं का, म्हणाला. आईला काही फरक पडला नाही, असं त्यानं सांगितलं. "आमचं उशिरा कळलं हो. म्हातारी सांगेचना. औषध घेतलं तेव्हा पाचवा दिवस होता. डॉक्टर म्हणाल्या, शंभरात तिघांना लागू पडतं अशा वेळी. तरी म्हटलं, मनाला रुखरुख नको. स्वस्तात पण मिळालं ना."

त्रिशला त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला काहीतरी कळू लागलं होतं, पण ते पूर्ण कळावं असं तिला वाटत नव्हतं.

वृषभला घरी सोडून ती दुकानात गेली. भावाबद्दल तक्रार असेल तर व्यवस्थापकाला भेटायची सोय होती. उपाध्ये नावाचा पस्तिशीचा नम्र माणूस काचेच्या खोलीत बसलेला असे. त्यानं तिला पाणी दिलं. तक्रार नाही, एवढंच विचारायचंय, असं तिनं सांगितलं. मी पाठ फिरवली म्हणून भाव उतरला ना?

उपाध्येनं तिचं नाव घातलं. पडद्यावर एक रेघ आली, डावीकडं उंच, उजवीकडं उतरत गेलेली.

"मावशी, किराण्यात तुमचं पाठ फिरवणं धरलं जातं थोडंफार. खरं म्हणजे तुम्ही अकरा घरांचं घेता हे यंत्राला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. घाऊक गिऱ्हाइकाला देतात तसा तो भाव आहे." तो जरा अवघडला. "औषधाचं वेगळं असतं. डॉक्टरांच्या कागदावर आजार कधी सुरू झाला ते लिहिलेलं असतं. औषध लागू पडायची शक्यता जितकी जास्त, तितकं माणूस द्यायला तयार असतो. शक्यता कमी झाली की मागणी कमी होते. तसा भाव तासातासाला खाली येतो. सगळ्यांनाच येतो."

"म्हणजे मी आलेच नसते, तर?"

"तरी गुरुवारी अकराला एवढाच दिसला असता."

त्रिशला त्या रेघेकडे बघत होती. मंगळवारी दुपारी ती दुकानातून बाहेर पडली तेव्हा एवढी उतरली होती. बुधवारी सकाळी ती बेतानं चालत गेली तेव्हा एवढी. तेव्हा भाव असा उतरताना बघून तिला बरं वाटत होतं.

"मग तुम्ही सांगत का नाही माणसाला?" तिनं विचारलं.

"भावच सांगतो की, मावशी," उपाध्ये म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ऐकण्याची तपासणी झाली. ट्रक अगदी जवळून गेला तर काहीतरी गेल्यासारखं वृषभला जाणवायचं. त्यापलीकडे काही नाही. अजून महिनाभर वाट बघू, असं डॉक्टर म्हणाल्या, पण बोलताना त्यांनी कागदावरून डोळे वर उचलले नाहीत.

पावती पेशंटच्या मोबाइलवरही जाते, हे त्रिशलाच्या ध्यानात नव्हतं. तपासणी झाली त्याच दिवशी दुपारी वृषभ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. वर दुकानाचं चिन्ह होतं. खाली लिहिलं होतं: अभिनंदन, या खरेदीत आपली बचत एक लाख नऊ हजार चारशे. आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात, कुठल्या दिवशी किती वाजता किती भाव दाखवला, ते. पहिली ओळ मंगळवारची होती, सकाळी अकरा पस्तीसची.

"मंगळवारी होतं औषध?" त्यानं विचारलं.

तिच्या हाताला कणीक लागलेली होती. ती पुसत ती म्हणाली, "होतं."

मोबाइलवर तो एकच शब्द उमटला. त्यानं तो वाचला. मग तो बाहेरच्या खोलीत गेला. ती मागोमाग गेली आणि बोलू लागली. तो माणूस, एकाहत्तर हजार, छप्पर, उतरणारी रेघ, सगळं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की त्यानं मोबाइल पलंगावर पालथा ठेवलाय.

तेव्हापासून तसंच राहिलं. बाकी कुणी घरी आलं, की तो मोबाइल समोर धरायचा, वाचायचा, उत्तर द्यायचा. त्रिशला बोलायला लागली की तो पालथा व्हायचा. तो कधी ओरडला नाही, जेवण टाकलं नाही. मीठ हवं असलं तर मीठ दे म्हणायचा.

त्रिशलानं दुकानात जायचं सोडलं. चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्या बायकांना तिनं, आता जमणार नाही, एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही. गल्लीत ज्याचा त्याचा भाव परत ज्याला त्याला लागू लागला आणि बायकांचं तिच्याशी बोलणं थोडं कमी झालं. दिवाळीनंतर एकदा रेश्मा आली. जुळ्यांतल्या धाकटीला खोकल्यानं दम लागत होता, वाफ द्यायचं नवं औषध लिहून दिलं होतं.

"काकी, एवढ्या वेळेस या. मला अडीच हजार दाखवतंय."

"तू जा. दाखवतील तेवढे दे आणि आत्ता घेऊन ये."

"तुम्ही आला तर हजारात येईल."

"रेश्मा, ऐक माझं. भाव बघू नको. तो खाली यायची वाट बघू नको."

रेश्मानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी अनोळखी बाई समोर आहे. "ज्याच्याजवळ आहे त्यानं सांगायला सोपं असतं," ती म्हणाली आणि पोरीला कडेवर घेऊन गेली. त्रिशलानं आतून दीड हजार आणले तोवर ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. मुलगी बरी झाली. रेश्मा पुन्हा आली नाही.

वृषभच्या दुकानात मोटरी येईनाशा झाल्या. तळव्यानं त्याला थरथर कळायची, पण पुढची बेअरिंग की मागची, ते कळायचं नाही. दोन मोटरी परत आल्या, मग माणसंच येईनाशी झाली. जानेवारीत त्यानं दुकान मोकळं करायचं ठरवलं. तसं त्रिशलाला त्यानं सांगितलं नाही. दारावरची पाटी बघून तिला कळलं.

वाइंडिंगचं यंत्र बघायला इचलकरंजीहून एक तरुण मिस्त्री आला. त्रिशला जेवणाचा डबा घेऊन आत शिरली, तेव्हा तो यंत्राचा दांडा फिरवून बघत होता. वृषभ बाकावर होता. ती आलेली दिसल्यावर त्यानं सवयीनं मोबाइल पालथा केला, आणि त्याच वेळी मिस्त्री बोलला.

"चाळीस देतो, काका."

वृषभला ते कळलं नाही. त्यानं मिस्त्रीकडे पाहिलं, मग नाइलाजानं त्रिशलाकडे.

तिला लगेच दिसलं. यंत्राला नव्वद सहज यायला हवे होते. पोरगा दांड्यावरचा हात काढत नव्हता. तो वाकून यंत्राचा तळही बघत होता आणि बाहेर टेम्पो उभा करून आला होता. त्याला ते आजच न्यायचं होतं. दोनदा नाही म्हटलं की तो ऐंशीवर येणार होता. तिच्या जिभेवर नाही आलं होतं.

भिंतीवर गिऱ्हाइकांची नावं लिहायची वही टांगलेली होती. त्रिशलानं ती काढली, कोऱ्या पानावर लिहिलं आणि वही वृषभसमोर धरली. चाळीस म्हणतोय. थांबलं तर ऐंशी देईल असं वाटतं. मला खात्री नाही. थांबायचं की देऊन टाकायचं, तुम्ही सांगा.

वृषभनं वाचलं. परत एकदा वाचलं. मिस्त्री दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"त्या दिवशी असं विचारायचं होतंस," वृषभ म्हणाला. चार महिन्यांत तो तिच्याशी इतकं पहिल्यांदाच बोलत होता. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं. रस्त्यावरच्या पानपट्टीवाल्यानं मान वळवून पाहिलं. "मी कदाचित थांब म्हणालो असतो. छपराचा विचार माझ्याही मनात आला असता. पण मग थांबलो असतो तो मी."

त्रिशलानं पेन उचललं. मग तिनं ते वहीत घालून वही मिटली.

"देऊन टाक," वृषभ म्हणाला.

मिस्त्रीनं पैसे पाठवले. यंत्र जड होतं. त्यानं पानपट्टीवाल्याला मदतीला बोलावलं आणि दोघांनी ते ओढत टेम्पोत चढवलं. बाकावर जिथं ते इतकी वर्षं होतं तिथं तेलाचा चौकोनी डाग राहिला. वृषभ दाराकडे पाठ करून त्या डागावर भुसा टाकत होता. टेम्पो सुरू झाला, मागे आला, वळला आणि गर्दीत मिसळून गेला.

"गेला का टेम्पो?" वृषभनं तसंच खाली वाकून विचारलं.

"गेला," त्रिशला म्हणाली. मग ती बाकाला वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तो मान वर करीपर्यंत थांबून तिनं मान डोलावली.